ते कर्ज सावकाराचं नव्हतं

आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर सहीपुरतंच पेन हातात धरलं. हे कुणाला दाखवायचं नाही. चार माणसांत माझी जीभ उचलत नाही, म्हणून लिहायला बसले. राग मात्र येतो, आणि तो कुठंतरी ठेवायला पाहिजे.

माझी मुलगी विद्यापीठात बी.ए.ला होती. विषय जनसंवाद. म्हणजे काय, तर एखादी गोष्ट लोकांपर्यंत कशी पोचवायची, हे तीन वर्षं शिकायचं. आमच्या वस्तीतल्या बायकांना त्याचं हसू यायचं.

"बोलायला शिकायला कॉलेज लागतंय व्हय?"

"माय मुकी हाय ना, मग लेकीला पैसे भरून बोलायला लावायला लागतंय."

मीही हसायची. मनातून बरं वाटायचं, की हिची जीभ तरी माझ्यासारखी अडकणार नाही.

दुसऱ्या वर्षी लॅपटॉप पाहिजे म्हणाली. व्हिडिओ कापायचं, जोडायचं काम मोबाईलवर होत नाही म्हणे. आमचा बचत गट शनिवारी विहारात बसतो. खुरपणीच्या मजुरीतून प्रत्येक बाई थोडे पैसे टाकते आणि ज्या बाईला नड असेल तिला त्यातून कर्ज मिळतं. त्या वेळी पैसे एकीलाच पुरणार होते आणि नंबर अक्काचा होता. अक्का म्हणजे माझी शेजारीण, गट तीच चालवते. तिला घरावर नवीन पत्रा टाकायचा होता. ती म्हणाली, "माझा पत्रा पुढच्या साली. पोरीचं वर्ष परत येत न्हाय." त्या पावसाळ्यात तिनं घरात पातेली मांडून रात्री काढल्या.

शेवटच्या वर्षी मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन आली. आईवर फिल्म करायची होती. मी म्हणाले, मला बोलायला लावू नको.

"तू काहीच बोलू नको आई. मागून मीच बोलते."

आंघोळीचं पाणी तापवायला अंगणात एक चूल आहे. तिनं ती पेटवली, मला जुनं लुगडं नेसवलं आणि फुंकणी हातात दिली.

"अगं, घरात गॅस हाय की."

"गॅसवर चांगलं दिसत न्हाय."

लाकूड ओलं होतं. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं अगदी जवळून घेतलं. पोरीचा अभ्यास आहे म्हणून मी फुंकत बसले.

ती फिल्म विद्यापीठात गाजली. मग ती मोबाईलवर आली आणि एका शनिवारी अक्काच्या सुनेनं विहारात सगळ्यांना लावून दाखवली. मी धुरात रडतेय आणि माझ्या मुलीचा आवाज येतोय, अगदी शहरातला, स्वच्छ: "माझ्या आईनं सावकाराचं कर्ज काढून मला शिकवलं. ते फेडताना ती आजही उपाशी झोपते."

मग अक्कानं विचारलं, "सावकार कोण गं? मी का?"

"न्हाय तर काय," मागून एक जण बोलली. "पत्रा गळणारा सावकार."

हसल्या सगळ्या. अक्का हसली नाही. मला तिथंच सांगायचं होतं, की हे मी बोललेले नाही. तोंड उघडलं नाही. हप्ता ठेवला आणि घरी आले.

त्याच दिवशी मुलीला फोन लावला.

"सावकार कुठनं आणलास?"

"सर म्हणाले, बचत गट म्हटलं की सरकारी जाहिरात वाटते. सावकार म्हटलं की माणूस थांबून बघतो."

"आणि मी उपाशी कधी झोपले?"

"आई, सबमिट झालंय ते. मार्क पडलेत. आणि तूच म्हणालीस ना, मला बोलायला लावू नको."

मी फोन ठेवला. नको म्हणाले होते, खरं आहे. पण मी गप्प बसले म्हणून माझ्या तोंडात काहीही घालायचं? त्या सरांनी आमची वस्ती जळकोट हायवेवरून जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिली असेल. आमच्या घरात भूक आहे की नाही हे त्यांनी ठरवलं, आणि माझ्या पोटच्या पोरीनं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पहार घेतली आणि अंगणातली चूल फोडली. आता पाणी गॅसवर तापतं, सिलेंडर लवकर संपतं. संपू दे.

परीक्षा झाल्यावर तिला सोलापुरात बातम्यांचं काम लागलं. हप्ते ती फोनवर पाठवू लागली. मी ते काढून विहारात नेऊन द्यायची. पूर्वी अक्का म्हणायची, "बस गं, चहा टाकलाय." आता नुसतं "जमा" म्हणायची.

आमच्या गटात एक रीत आहे. जिचं कर्ज फिटतं तिनं शेवटचे पैसे स्वतःच्या हातानं सतरंजीच्या मधे ठेवायचे आणि पैसे कुणी दिले, कशाला लागले, ते उभं राहून सांगायचं. माझी आधीची कर्जं फिटली तेव्हा अक्काच माझ्या वतीनं सांगायची. या वेळी मी मुलीला म्हणाले, "शेवटचा हप्ता पाठवू नको. घेऊन ये. तूच सांग."

"काय सांगू?"

"ते मी कशाला शिकवू? बी.ए. तू झालीस."

ती आली. पैसे मधे ठेवले, उभी राहिली आणि नुसती खाली बघत राहिली. रोज माईक धरणारी पोर.

"जोरात बोल की," अक्का म्हणाली. "मागं ऐकू येत न्हाय."

"हे पैसे सावकाराचे नव्हते," ती म्हणाली. "तुमचे होते. काकू, तुमच्या पत्र्याचे होते. मी खोटं बोलले. विद्यापीठाला फिल्म मोबाईलवरनं काढून टाकायला सांगितलंय, अजून काढली न्हाय त्यांनी."

"आणि गॅस?" मी मागून म्हणाले. सगळ्या बायका वळल्या. बैठकीत माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. "आपल्या घरात गॅस हाय, ते पण सांग."

"आमच्या घरी गॅस हाय," मुलगी म्हणाली. रडत होती, या वेळी धूर नव्हता.

मला तिची दया आली नाही. फिल्म अजून तिथंच आहे, कुणीही उघडून बघावी.

अक्कानं नोटा उचलल्या, थुंकी लावून मोजल्या, परत एकदा मोजल्या.

"फिटलं सगळं," ती म्हणाली. "बस गं, चहा टाकलाय."