पहिल्या अंकाचा भाव

माझ्या वस्तूंना कुणी हात लावलेला मला खपत नाही. आजही नाही, आणि तेव्हा तर बिलकूलच नाही. सत्तरच्या दशकात मी सांगलीत विश्रामबागला एका कचेरीत कारकून होतो. वय पंचवीस, लग्न व्हायचं होतं, आणि नाद होता कॉमिक्स जमवायचा. घोडा झालेला माणूस चित्रांची पुस्तकं कपाटात कुलूप लावून ठेवतो, म्हणून घरीदारी थट्टा व्हायची. वडील तर पाहुण्यांसमोर सांगायचे, आमच्याकडं अजून एक बालवाडीत जाणारा आहे. मी ताटावरून उठायचो आणि आई मला परत बोलवायची.

थट्टा करणाऱ्यांना एक ठाऊक नव्हतं. त्या कपाटात एका साप्ताहिक कॉमिकचा पहिला अंक होता, आणि तो सातारा-सांगलीकडं आमच्या माहितीत दोघांकडंच उरला होता. निघाला तेव्हा एसटीच्या टपावरून पाच-पंचवीस प्रती आल्या असतील. आठ-दहा आण्याला मिळायचा. पोरांनी वाचला, आयांनी रद्दीत घातला, फुटाणेवाल्यानं पुड्या बांधल्या. लोकांना जी गोष्ट रद्दी वाटते तीच पुढं दुर्मीळ होते, हे मला त्या नादानं शिकवलं. दुसरी प्रत माझ्या कॉलेजातल्या मित्राकडं होती. तो पाटणकडच्या एका खेड्यातला. त्याच्या मामानं मुंबईहून आणून दिली होती. होस्टेलात आम्ही एकाच खोलीत होतो, एका डब्यात जेवलो. पुढं तो फौजेत भरती झाला आणि अंक गावी आईजवळ ठेवून सरहद्दीवर गेला.

दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच नादिष्ट एका निवृत्त बँक कॅशियरांच्या घरी जमायचो. अंक पारखण्याचं काम त्यांचं. आयुष्यभर नोटा पारखलेला माणूस. आधी साबणानं हात धुवायचे, पंच्यानं कोरडे करायचे, मग अंक खिडकीपाशी धरायचे. कोपरे बघायचे, मधल्या टाचण्यांना गंज आलाय का बघायचे, पानं मोजायचे, शेवटी नाकाला लावून ओल लागलीय का ते हुंगायचे. त्यांनी अंकांच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या: करकरीत, हाताळलेला, वाचलेला आणि पुडीचा. माणसाच्या हातचा डाग, म्हणजे नाव, शिक्का, तेल, शाई काहीही दिसलं, की अंक थेट शेवटच्या पायरीवर. त्यात रदबदली नाही. माझा पहिला अंक त्यांनी करकरीत ठरवला तेव्हा मी आठवडाभर हवेत होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर कॅशियरांना पुण्याच्या एका शौकीन गृहस्थांचं पत्र आलं. त्यांचा सगळा संच पुरा झाला होता, घोडं अडलं होतं पहिल्या अंकापाशी. करकरीत असेल तर तीनशे रुपये देईन, महिनाअखेरच्या रविवारी स्वतः येतो, असं लिहिलं होतं. तीनशे म्हणजे माझा महिन्याचा पगार. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, माझा विकायचा नाही. कॅशियर म्हणाले, ठीक आहे, तुमची वस्तू.

आणि त्याच आठवड्यात मित्राचं पत्र आलं. आईला दिसेनासं झालंय, मोतीबिंदू आहे. चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळत नाही. फौजेच्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होईल, पण त्यासाठी पुण्याला जावं लागेल, आणि म्हैस सोडून तेवढ्या लांब जायला ती तयार नाही. मिरजेला जाईल म्हणते. तिथं ऑपरेशन, खोली, चष्मा मिळून अडीचशेच्या घरात खर्च आहे. पगार बहिणीच्या लग्नात जिरला, सुट्टी वर्षभर नाही. खाली लिहिलं होतं, ‘माझा पहिला अंक घे गड्या, कॅशियरांना दाखव, येईल त्या भावाला वीक आणि आईला तूच मिरजेला ने. दुसऱ्या कुणाला सांगावं?’

मी पुण्याच्या गृहस्थांबद्दल त्याला काही कळवलं नव्हतं. तरी त्याचं पत्र नेमकं त्याच वेळी आलं, तेव्हा मला बरंच वाटलं. त्याचंही काम होईल आणि माझ्यावरची नजर हटेल. खरं सांगतो, दुसरा विचार आधी आला होता.

शनिवारी रजा टाकून कऱ्हाडमार्गे पाटणला गेलो आणि तिथून दोन कोस चालत त्याच्या गावी पोचलो. मावशी, म्हणजे त्याची आई, दारातच बसली होती. माझा आवाज ऐकून तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. वाळलास म्हणाली. दूध दिलं, भाकरी खायला लावली. मी अंकाचं काढलं तशी लगबगीनं उठली आणि भिंतीला हात लावत देवाच्या कोनाड्याकडं गेली. मी मनात म्हणत होतो, ट्रंकेत असू दे, फळीवर असू दे, उंदरानं एखादा कोपरा खाल्लेला असू दे.

देवांच्या टाकांमागून तिनं चोळीच्या खणात गुंडाळलेला अंक काढला आणि माझ्या हातात दिला. लेक जाताना म्हणाला होता, लय मोलाचा हाय, जीवापाड जप. तिनं जपला. तिला ठाऊक असलेल्या रीतीनं जपला. दर खंडेनवमीला घरातली कोयती, खुरपी, नांगर पुजताना लेकाचा अंकही पाटावर मांडला. पाच वर्षं. मुखपृष्ठावर हळदीची बोटं, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता चिकटून सुटल्याच्या खुणा. झेंडूच्या पाकळ्या आत वाळून पानांना तपकिरी डाग पडले होते. आणि अलीकडच्या दोन वर्षांत तिला नीट दिसत नव्हतं, त्यामुळं कुंकू टिकलीएवढं न राहता सगळीकडं पसरलं होतं. समईचं तेल पाठपानापर्यंत गेलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. काय केलंस हे बाई, असं ओरडावंसं वाटलं. ती माझ्या समोर उभी, मान जरा तिरकी करून माझ्या तोंडाकडं नव्हे, माझ्या कानाकडं बघत होती.

“चांगला ऱ्हायलाय न्हवं?” तिनं विचारलं. “म्यां धूळ बसू दिली न्हाई.”

मी म्हणालो, चांगला राहिलाय मावशी. दुसरं काय म्हणणार होतो?

येताना एसटीत तो अंक मांडीवर धरून बसलो होतो. कऱ्हाडच्या स्टँडवर पाव घेतला आणि त्याच्या गराचा गोळा करून एका कोपऱ्यावर हलक्या हातानं घासून बघितला. पेन्सिलीची रेघ जाते तशी हळद जाईल अशी आशा होती. सांगलीत राहून हळदीबद्दल अशी आशा धरणारा मी एकटाच असेन. रंग फिका होण्याऐवजी कागदच सुटायला लागला, तेव्हा थांबलो.

कॅशियरांनी हात धुतले, कोरडे केले, अंक खिडकीपाशी धरला. पानं मोजली. सगळी होती. टाचण्यांना गंज नव्हता, कोपरे सरळ, घडी नाही. मी म्हणालो, वाचलेला तरी म्हणा. त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं का, मला सांगता येणार नाही, पण नियम त्यांनी सोडला नाही. पुडीचा, म्हणाले. मग अंक परत खणात गुंडाळताना एवढंच विचारलं, त्या बाईंना कोणत्या तारखेला न्यायचं ठरलंय? मावशीच्या डोळ्यांचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांना काय विचारायचं होतं ते मला बरोबर कळलं होतं.

मध्ये दोन आठवडे होते. त्या दोन आठवड्यांत रोज जेवण झालं की मी कपाट उघडायचो, माझा अंक काढायचो आणि परत ठेवायचो. स्वतःशीच वाद घालायचो. मावशी माझी कोण? बारा कोसांवर तिचे सख्खे दीर आहेत, त्यांना पाझर फुटत नाही, मग मीच का? मित्रानं माझा अंक मागितला आहे का? त्यानं स्वतःचा विकायला सांगितला, मी नेला, विकला गेला नाही. यात माझं काय चुकलं? असं म्हणायचो आणि झोप लागायची नाही. आईनं एकदा विचारलं, तुला बरं नाही का? मी तिच्यावरच खेकसलो.

रविवार उजाडला. पुण्याचे गृहस्थ आले, सभ्य, बारीक, चष्मा कपाळावर. मित्राचा अंक त्यांनी खणातून काढला, बघितला, आणि दुखणाईत माणसाला उतरवावं तसा हळूच खाली ठेवला. आतली पानं उपयोगी पडतील, दहा रुपये देतो म्हणाले. मग मी बरोबर आणलेला माझा अंक मागितला. हो, मी नेला होता. दाखवायला नेला होता, असं मी स्वतःला सांगितलं होतं. त्यांनी एकेक पान उलटलं, आणि माणूस जागच्या जागी बदलला. खिशातून पाकीट काढून त्यांनी शंभराच्या तीन नोटा चटईवर मांडल्या. मी बघत राहिलो, तशी पन्नासाची आणखी एक ठेवली.

एक ‘हो’ म्हटलं की सोमवारी मी पाटणच्या गाडीत असतो, मंगळवारी ती मिरजेत असते. मी अंक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणालो, हा विकायचा नाही. माझा आवाज मलाच मोठा वाटला. कॅशियर उठून आत गेले ते गृहस्थ जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

मित्राचा अंक मात्र दहा रुपयांना देऊन टाकला. मग मित्राला पत्र लिहिलं. हळदीकुंकवाचं लिहिलं नाही, त्याच्या आईचा दोष कशाला दाखवायचा, असा साळसूद विचार केला. लिहिलं की भाव पडला, गिऱ्हाईक नाही, दहा रुपये आले ते मावशीला मनीऑर्डर केले. मावशीलाही तेच कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘असू दे. तू खटपट केलीस.’

वर्षानं त्याला सुट्टी मिळाली. त्यानं म्हैस विकली आणि आईला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, गेल्या साली का आणलं नाही? डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून फुटला होता, तो डोळा गेला. उजव्याचं ऑपरेशन झालं. दीड महिन्यानं चष्मा मिळाला, त्या दिवशी दोघं मुक्कामाला माझ्याकडं आले. मावशीला काय बघू आणि काय नको असं झालं होतं. घड्याळ बघितलं, माझ्या आईच्या लुगड्याचा काठ बघितला, मला समोर उभं करून बघितलं. किती थकला न्हवं तुझा बाप, असं मला कुजबुजत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून अर्ध्या दिवसानं घरी आलो. मावशी खिडकीखाली बसली होती आणि तिच्या मांडीवर माझा पहिला अंक होता. चित्रं बघून तिचा वेळ जाईल म्हणून आईनं किल्ली शोधून माझं कपाट उघडून तो दिला होता. सवयीनं पहिल्यांदा मला रागच आला. तिनं हात धुतलेत का, हेच डोक्यात आलं. तिनं तेवढ्यात मान वर केली. जाड भिंगातून तिचा एक डोळा मोठा दिसत होता आणि दुसरा पांढरा.

“माजा बी असाच हुता?” तिनं विचारलं.

“व्हय मावशी.”

ती मुखपृष्ठाकडं बघत बसली. बोट कागदाला न लावता वरच्या वर फिरवत होती. तिला सगळं कळलं असावं, स्वतःच्या हातून काय झालं ते. मग तिनं अंक मिटला, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला, आणि अगदी साध्या आवाजात, मला अवघड होऊ नये अशा बेतानं विचारलं, “तवा ह्याचा बी भाव पडला हुता व्हय रं?”

मित्र कोपऱ्यात वळकटी बांधत होता. दोरी आवळता आवळता त्याचे हात थांबले. आदल्या दिवशी तो कॅशियरांना भेटून आला होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, “व्हय मावशी. पडला होता.”

त्यानं गाठ मारली, वळकटी खांद्यावर घेतली आणि आईला म्हणाला, चल, गाडीची वेळ झाली. स्टँडवर पोचवायला येतो म्हटलं तर नको म्हणाला. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही आणि मीही लिहिलं नाही.