मेली म्हणायचा हक्क

तुम्ही रोज जिच्यावर बसून कामाला जाता ती सायकल मेली, असं एखाद्या दुकानदाराने परस्पर जाहीर केलं, तर तुम्ही मान डोलावून घरी येणार का? बरेच जण येतात. म्हणून तर दुकानदारांचं फावतं.

वाइंडरबाई तशी आली नाही. पंपाच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्याने भरणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं तेच करतेय, म्हणून हे नाव. कामाचा गाळा चढाच्या वरच्या टोकाला, आणि गुडघे दोन्ही कामातून गेलेले. बॅटरीची सायकल होती म्हणून नऊ वर्षं ती वेळेवर टेबलाशी बसली. मग बॅटरी अर्ध्या चढावर मान टाकायला लागली. मालकाने सरळ सांगितलं, "बाई, उशीर खूप झाला. असंच चाललं तर टेबल दुसऱ्याला देईन."

बाई सायकल शोरूममध्ये घेऊन गेली, तर तिथला साहेब तिच्यापाशी वाकलासुद्धा नाही.

"या मॉडेलची बॅटरी यायची बंद झाली, मॅडम."

"मग दुसरी बसवा."

"कंट्रोलर ती घेणार नाही. त्याला कंपनीचीच बॅटरी लागते. ही मेली समजा, आता नवीन बघा."

"मेली मी म्हणते तिला," बाई म्हणाली. "रोज म्हणते. चल गं मेले, चढ गं मेले. तो माझा हक्क. तुम्ही तिचं चाक तरी फिरवून पाहिलंत का?"

साहेब हसला. तिथे चुकला.

घरी येऊन बाईने जेवायच्या खोलीत सायकल आडवी घातली. कंट्रोलर म्हणजे बॅटरीची वीज मोजून मोटारीला देणारी डबी. ती उघडली तर आतलं सगळं काळ्या राळेत बुडवलेलं. कुणी दुरुस्त करू नये म्हणून मुद्दाम. मोटार मात्र उघडली आणि बाईचं डोकंच फिरलं. नऊ वर्षांत तारेचं वार्निशसुद्धा काळवंडलं नव्हतं. फक्त बेअरिंग झिजलं होतं. असली ठणठणीत मोटार भंगारात घाला म्हणतात आणि वर टाय लावून म्हणतात.

"वहिनी, ताटाशेजारी हे चाक किती दिवस?" नणंदेने विचारलं.

"तुझा दादा वीस वर्षं बसलाय ताटाशेजारी. त्याला कधी विचारलंस?"

दादाने वर्तमानपत्राचं पान उलटलं.

बाईने साधा कंट्रोलर आणला, तीन वायरी जोडल्या की चालणारा. बॅटरी बांधणाऱ्याकडून नवी बॅटरी बांधून घेतली, जास्त तापली की आपोआप बंद पडणारी. बेअरिंग बदललं. ताकद वाढली म्हणून ब्रेकही नवे घातले. आणि मग तिने अशी चूक केली, जी फक्त वाइंडरच करू शकतो. पंपाच्या मोटारीला तीन वायरी कशाही जोडायच्या, उलटी फिरली तर दोन अदलाबदल करायच्या, ही हाताची सवय. तशाच जोडल्या. पण पंप जमिनीला पक्का असतो आणि सायकलीवर आपण बसलेलो असतो. बाईने ऐटीत मूठ पिळली आणि सायकल तिला घेऊन मागे निघाली, थेट नणंदेच्या वाळत घातलेल्या चादरीत.

"साहेबांना परत करायला निघालात का, वहिनी?" नणंद म्हणाली. चादरीतून शिवी आली ती इथे लिहीत नाही.

दोन वायरी बदलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चढाला लागली. जिथे रोज उतरून ढकलायची ते वळण आलं आणि गेलं, तिला कळलंसुद्धा नाही. कानाला वारा लागला. चढावर वारा लागतो हे ती विसरूनच गेली होती. वर पोचली तेव्हा मालक अजून शटरचं कुलूप काढत होता. दीड महिना ती तशी जात राहिली. रविवारी कारण नसताना वर जाऊन खाली यायची, आणि विचारलं तर म्हणायची, ब्रेक तपासत होते.

मग गाळ्यांच्या आवाराच्या फाटकावर पाटी लागली. कंपनीचा शिक्का नसलेल्या बॅटरीच्या गाड्यांना आत प्रवेश नाही. गाळ्यांच्या कमिटीचा ठराव.

"बाई, माझा इलाज नाही," वॉचमन म्हणाला. "आग लागेल म्हणतात."

आगीची भीती बाईला शिकवायची? तिचा जन्म जळालेल्या मोटारींत गेला. ती कमिटीला म्हणाली, तपासा. मीटर लावा, चार्जिंगला लावून शेजारी बसा. चूक निघाली तर मीच सायकल बाहेर ओढत नेईन. तपासायला कुणी आलं नाही. मीटर वाचता येणारा एकही नाही त्या कमिटीत, शिक्का वाचता येणारे मात्र सगळे. त्याच शोरूमच्या नव्या, शिक्केवाल्या सायकली आत ओळीने उभ्या आहेत. त्यांतली एक तरी कुणी उघडून पाहिली आहे का?

फाटकाबाहेर सायकल ठेवायला जागा नाही. म्हणून गेले आठ दिवस ती घरी उभी आहे, पूर्ण चार्ज केलेली. बाई चढ पायी चढते, दर वीस पावलांवर थांबते. तीनदा उशीर झालाय. आणि काल एक माणूस तिचं टेबल बघून गेला.

गुरुवारी दुपारी चार वाजता कमिटीची बैठक आहे. बाई सायकल आणि मीटर घेऊन फाटकाशी येणार आहे. ती एकटी बोलली तर तिला भांडखोर म्हणून गप्प बसवतील. तुम्ही या. तुमची स्वतःच्या हाताने नीट केलेली गाडी असेल तर ती घेऊन या, नसेल तर चालत या, पण तिच्या बाजूला उभे राहा आणि एवढंच म्हणा: आधी तपासा.