दादाचं दूध

ये अशी, जवळ बस. किती महिन्यांनी उगवलीस गं? आणि आल्याआल्या 'मी बरी आहे'! विचारलं का मी? आमची धाकटी जाऊसुद्धा असंच म्हणायची.

सत्तर सालानंतरची गोष्ट. बोरीवलीला आमची दारं समोरासमोर. तिचा मुलगा कॉलेजात असताना काविळीने गेला. ही ढसाढसा रडली नाही. तेराव्यानंतर पदर खोचून कामाला लागली. आम्ही सगळे म्हणायचो, काय खंबीर बाई!

सरकारी केंद्रावरून सकाळी दुधाच्या बाटल्या आणायची, त्यात एक त्या गेलेल्या मुलाची. वेगळी तापवायची, पेल्यात ओतून झाकून ठेवायची. संध्याकाळी त्याला विरजण लावायची आणि दही मोलकरणीला द्यायची. वर्षश्राद्ध झालं, पुढची श्राद्धंही झाली, पेला होताच. आईची माया, म्हणून कोणी बोललं नाही.

एकदा त्यांच्याकडे चहाचं दूध नासलं. तिची मुलगी कोरा चहा पीत बसलेली. मी म्हटलं, "अगं, तो पेला आहे ना झाकलेला?"

"ते दादाचं, काकू. मी मेले की मलाही मिळेल."

जाऊ तिथेच पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही. तेव्हा मला कळलं, हिला पोरीचं ऐकूच येत नाही.

भावजींना म्हटलं, मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेऊ या. ते उखडले. "वेड लागलंय का तिला, वहिनी? घर चालवतेय."

"घर चालतंय, भावजी. पोरगी कोरा चहा पितेय."

मग गेलो मोठ्या इस्पितळात. डॉक्टर बाई होत्या, तरुणच. म्हणाल्या, "दुःख होणं हा आजार नाही. पण यांचं जागच्या जागी थांबलंय. ते हलवावं लागेल."

जाऊ म्हणाली, "मला विसरायला लावू नका."

"विसरायला नाही, आठवायला बोलावलंय."

दर आठवड्याला त्या तिला शेवटचे दिवस पहिल्यापासून सांगायला लावत. मी शेजारी बसायचे. दर वेळी ती एकाच ठिकाणी गप्प व्हायची. बाई घाई करत नसत. एक दिवस ते बाहेर पडलं. काविळीचं पथ्य म्हणून घरात त्याचं दूध बंद केलेलं. तो मागायचा, "आई, घोटभर दे ना," आणि ही ताक पुढे करायची.

बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. "त्यालाच सांगा."

जाऊ खुर्चीकडे वळली. मग म्हणाली, "बाळा, बरा झालास की देणार होते रे." आणि रडली, इतक्या वर्षांचं. बाई थांबल्या, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच सांगायला लावलं. मला निर्दयपणा वाटला. पण हळूहळू ती त्या जागेच्या पुढे जायला लागली. त्याच्या खोड्यासुद्धा सांगू लागली.

पुढे एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. तिने पेल्यावरचं झाकण काढलं, दूध गरम केलं आणि मुलीपुढे ठेवलं.

पोरगी पेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साय नको मला."

"दादाचीच नाटकं सगळी!" असं म्हणत जाऊने बोटाने साय काढली. पोरगी एका दमात प्यायली.

त्याच्या वाढदिवसाला ती अजून रडते. रडू दे. ते चालतं दुःख, थांबलेलं नव्हे.

तुला हे का सांगतेय, कळलं ना? तूही कुठे थांबली असशील, तर तिथलं सांग. आज नको तर नको. पण पुढच्या वेळी इतके महिने लावू नकोस. लवकर ये, आणि 'मी बरी आहे' घरी ठेवून ये.