डॉक्टर म्हणाले कडक, आई म्हणाली बरा

मंडळी, आज दुपारी आईला बोईसरला फायब्रोस्कॅनसाठी नेलं होतं. ही एक प्रकारची सोनोग्राफीच. बरगड्यांच्या मध्ये मशीन टिचक्या मारतं आणि लिव्हर किती कडक झालंय ते आकड्यात सांगतं.

"दारू प्यायची का?" असं विचारू नका, सकाळपासून तिघांनी विचारलंय. थेंब नाही घेतला कधी. शुगर मात्र वर्षानुवर्षं अंगावर काढली. मुरबे गावात सुके बोंबील विकण्यातून तिला सवड कुठे होती?

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "आजी, लिव्हर फारच कडक झालंय. उशीर केलात."

आई खुदकन हसली. "कडक हाय ना? मंग बरा हाय. नरम असता तं वास मारला असता."

बोंबील कडक सुकला की पावसाळाभर टिकतो, हे डॉक्टरांना कोण सांगणार? आणि लिव्हरचं उलटं असतं, हे आईला?

आत्ता ती ओट्यावर शेजारणींना सांगतेय, "मशीन लावून बगितला. कडक हाय. आख्खा पावसाला काढंल."

मी आत बसून हे लिहितेय. तुम्ही असतात तर बाहेर जाऊन तिला सांगितलं असतंत?