चुक्याचं बी

चुक्याची भाजी खुडताना सहज एक पान उलटलं. वरून हिरवंगार, खाली पांढरे फोड. मावा कीड समजून राख टाकली, पण फोड वाढतच गेले. हा मावा नव्हे.

कृषी खात्याचे साहेब म्हणाले, "ताई, हा रोग इकडे नवाच आहे. सगळं उपटून जाळा. बीसुद्धा धरू नका."

"मग पुढं काय, साहेबांची टोपी पेरायची?" सासूबाई पुटपुटल्या.

हे बी आईने ओटीच्या तांदळांत बांधून दिलं होतं. आई गेली. माहेरी आता कुणी चुका लावत नाही.

माणसाला दुखलं की ते कण्हतं. पान वरून हिरवंच दिसत राहतं.

बियाला ठेवलेली रोपं मी शेवटी उपटली. मुळं पांढरीशुभ्र होती. त्यांना अजून काही कळलंच नव्हतं.