राणीची दासी
नवी चादर उलगडली की सुताच्या खळीचा वास येतो आणि एम.ए.ला माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आठवते. भवानी पेठेत तिच्या घरी माग होते. तिच्या ओढणीलाही हाच वास असायचा. एका दुपारी वर्गात मी एका जुन्या शोकांतिकेतल्या राणीच्या दासीवर बोलले. चार टीकाकार वाचून गेले होते, त्यामुळं ठासून सांगितलं, की ही दासी म्हणजे मूर्तिमंत निष्ठा. वर पंखा कुरकुरत होता, सर खिडकीबाहेर बघत होते. मग ती उठली. "निष्ठा कसली सर? तिला राणीचा हेवा वाटतोय. म्हणून तर राणीविरुद्धचा कट ठाऊक असून ती गप्प बसते." सर झटकन वळले. "परत सांग बघू," म्हणाले. माझा नुसता जळफळाट झाला. तास संपल्यावर मी हसत विचारलं, "कुठल्या पुस्तकात मिळालं गं हे?" "पुस्तकात कुठलं? माझा पहिला नंबर आला, तेव्हा तुझं तोंड बघितलं की," ती सहज म्हणाली आणि माझा हात धरून मला चहाला घेऊन गेली. आता मी हेच नाटक शिकवते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्या दासीचा तुम्हाला एवढा राग का येतो?"