तुझी आई गाडी मागे घेते तेव्हा

ये वं पोरी, अशी जवळ बस. पुण्यात असलीस म्हणून काय झालं, कान तर इकडे करता येतात. आणि आधी हे सांग, परवा फोनवर आईला एवढं काहून बोललीस? "विकून टाक ती गाडी, या वयात कशाला हवेत नसते धंदे!" तिनं मला काही सांगितलं नाही. ती सांगणारही नाही. पण फोन स्पीकरवर होता आणि मी तिथंच तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तुझी मोठी आई आहे मी, रागावायचा हक्क आहे माझा. विकायचं नाव काढण्याआधी ती गाडी अंधारात घरी येते कशी, ते ऐकून तरी घे.

तुला आपली गल्ली ठाऊक आहे. पण हे लिहिलेलं बाकीचेही वाचतील, म्हणून सगळं सांगते. हुडकेश्वरला दोघा भावांनी, तुझ्या मोठ्या बाबांनी आणि बाबांनी, मिळून घर बांधलं. वर आम्ही, खाली तुम्ही. गल्लीत शिरलं की उजव्या हाताला आपलं घर आणि डाव्या हाताला उघडी नाली. पुढे भिंत, गल्ली तिथंच संपते. गाडी वळवायला जागाच नाही. आता गाडी तोंड पुढे करून आत आणली, तर शेजारी बसलेल्या तुझ्या बाबांचा दरवाजा उघडतो नालीवर. पाय ठेवायला वीतभर जमीन नाही. तीच गाडी रस्त्यावरून उलटी, मागे मागे घेत आणली, तर त्यांचा दरवाजा येतो बरोबर ओट्यासमोर. ओट्याला लोखंडी दांडा बसवला आहे. दरवाजा उघडला, दांडा धरला, की माणूस घरात.

तुझे बाबा डायलिसिस करून येतात तेव्हा त्यांच्या अंगात काय उरलेलं असतं, ते तुला फोनवर दिसत नाही. फोनवर ते हसतात. पण त्या संध्याकाळी पायात गोळे येतात, चक्कर येते, गाडीला वळसा घालून येणंही त्यांना गावाला जाण्यासारखं होतं. सकाळची पाळी मिळाली असती तर प्रश्न नव्हता. मिळाली ती संध्याकाळची. म्हणून आठवड्यातून तीनदा, अंधार पडल्यावर, तुझी आई ती जुनी गाडी नालीच्या बाजूनं उलटी घेत आणते.

ती गाडी शिकली कशी, ते तरी तू कुठं पाहिलंस? आयुष्यभर गाडी बाबांनी चालवली. मूत्रपिंडं बिघडली, डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला सांगितलं, त्याच आठवड्यात ही माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, मी शिकतो म्हणतो." आपल्याकडं बायकाही शिकतो-करतो बोलतात, तशी. खाप्याची मुलगी ती. कन्हान नदीच्या पाण्यात पोहलेली, भिणं तिच्या माहेरी शिकवलंच नसावं. प्लॉट पाडलेल्या लेआउटच्या मैदानात रोज सकाळी गाडी घेऊन जायची. बाबा शेजारी बसायचे. गाडी झटके खात बंद पडली की ते म्हणायचे, "उठवा आता हिले, झोपली." ती पुन्हा चालू करायची. पन्नाशी उलटलेली बाई, भोवताली क्रिकेट खेळणारी पोरं हसून राहिलेली, आणि हिचं लक्ष मात्र समोर. मी तर पाहतच राहायचे. मला सायकलसुद्धा कधी आली नाही गं.

पुढं जायला ती लवकर शिकली. अडचण मागं जाण्याची होती. गाडीच्या मागच्या काचेला ती काळी फिल्म लावलेली, उन्हानं तिला फोड आलेले. दिवसा त्यातून धुकट दिसायचं, रात्री काहीच नाही. मागचा पांढरा दिवा एकच लागतो, तोही देवघरातल्या समईसारखा. गल्लीच्या तोंडाशी खांब आहे, त्याचा दिवा मन असेल तेव्हा लागतो. आरशात पाहिलं तर नाली काळी, रस्ताही काळा. काळ्यातून काळं निवडायचं कसं?

मग पहिले काही दिवस आम्ही दोघं खाली उतरून उभे राहायचो. तुझे मोठे बाबा बॅटरी घेऊन गाडीच्या मागे, मी पुढे बोनेटजवळ. आता आपल्या घराची रीत तुला माहीत आहे. भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. पण तुझी आई या घरात आल्यापासून मोठे बाबा तिला जे काही सांगायचं ते माझ्याकडून सांगत आले. "तिले सांग, दूध आलं." "तिले विचार, भाऊ जेवला का." ती अगदी समोर उभी असली तरी! आणि तिचंही उत्तर माझ्यामार्फत. चहा-दुधाच्या गोष्टीत हे चाललं. गाडी मागं घेताना कसं चालेल?

त्या दिवशी गाडी येऊन राहिली होती हळूहळू. मागून मोठे बाबा म्हणाले, "अवं, तिले सांग, नालीकडे जास्त येऊन राहिली."

गाडीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय म्हणता?"

"तिले सांग, नालीकडे!"

"कोणाले?"

"अवं तिले! थांबाले सांग तिले!"

मी खिडकीकडे वळून म्हटलं, "अगं, हे म्हणून राहिले की—" आणि धप्प! मागचं चाक नालीत. गाडी अशी तिरकी झाली की तुझे बाबा खिडकीला धरून बसले. वरून मोठ्या बाबांच्या बॅटरीचा झोत नेमका तिच्या आरशात, म्हणजे जे थोडं दिसायचं तेही गेलेलं. मग आतून तुझ्या बाबांचा बारीक आवाज आला, "वैनी, निरोप पोचला."

मला हसू आवरेना. तुझी आई मात्र हसली नाही. ती उतरली, आधी बाबांना आमच्या आधारानं घरात नेलं, पांघरूण घातलं, मग परत येऊन शेजाऱ्यांबरोबर गाडीला हात लावला. चाक वर आलं. जेवताना मोठे बाबा ताटाकडे पाहत मला म्हणाले, "तिले सांग, आता ऑटो लावा. गाडी झाकून ठेवा." तुझा पहिला "विकून टाक" हा फोनही त्याच आठवड्यातला. आठवतंय?

तिनं वाद घातला नाही. ऑटो लावला. ऑटोवाला बिचारा चांगला, पण रस्त्यावर ते खड्डे आणि ते ब्रेकर. परत आले तेव्हा बाबा सीटवर आडवे झालेले. ज्या हातात सुया टोचतात तो हात पोटाशी धरलेला. आम्ही विचारलं तर म्हणाले, "मस्त झालं, हवा लागली." आणि ओट्यावरच बसले. घरात जायला उठवेना. तुझी आई त्यांच्याजवळ उभी होती. तिनं त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि मान वळवून गल्लीकडे पाहत राहिली. मी तिला इतकी वर्षं ओळखते. मला तेव्हाच कळलं, हिनं काहीतरी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती एकटीच गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू नाही, नुसता मागचा दिवा लावलेला. एकदा या आरशात पाहायची, एकदा त्या. उतरायची, मागे जाऊन पाहायची, पुन्हा बसायची. मी ओट्यावर वाती वळत होते. शेवटी मला हाक मारली.

"ताई, तुमचा रांगोळीचा डबा आणा जरा."

"आत्ता? संध्याकाळी?"

"आणा तर. नालीच्या काठानं एक रेघ ओढा. फुलं-पानं नको, नुसती सरळ रेघ."

मी म्हटलं, "लोक म्हणतील म्हातारीले रात्री सडा-रांगोळी सुचली."

"म्हणू द्या. मले मागचं सगळं नाही दिसत, ताई. आणि सगळं दिसाले कशाले पायजे? मले फक्त काठ दिसला पायजे."

पोरी, माझ्या हातानं आजवर कितीतरी रांगोळ्या काढल्या, दिवाळीत अख्खं अंगण भरलं, पण इतका जीव ओतून रेघ कधी ओढली नव्हती. जाडसर, कुठं तुटू न देता, गल्लीच्या तोंडापासून ओट्यापर्यंत. तिनं तिच्या बाजूचा आरसा खाली झुकवला, असा की त्यात मागचं चाक आणि त्याच्या शेजारची जमीन दिसावी. गाडी उलटी आणली की नाली तिच्याच बाजूला येते ना! त्या मंद दिव्यातही रांगोळी अशी उठून दिसली, जशी काळ्या पाटीवर खडूची रेघ.

पुढच्या डायलिसिसला तिनं ऑटोवाल्याला नको म्हणून सांगितलं. मोठे बाबा बॅटरी घेऊन निघाले तर ती मला म्हणाली, "ताई, यांले सांगा, बॅटरी नको आणि बोलणं नको." मोठे बाबा ओट्यावर बसले, तोंड पाडून. रात्र झाली. रस्त्यावरून गाडीचा आवाज आला, थांबला. मग मागचा दिवा गल्लीत शिरला. मी पदर तोंडात धरला होता. चाक आणि रेघ यांच्यामध्ये हातभर जागा, शेवटपर्यंत तेवढीच. ना कमी, ना जास्त. बाबांचा दरवाजा दांड्यासमोर येऊन थांबला, जसा पाट मांडून ठेवावा तसा. बाबांनी उतरून दांडा धरला आणि म्हणाले, "जेवाले काय आहे?" डायलिसिसच्या दिवशी स्वतःहून जेवण मागितलं त्यांनी! मी डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाले.

मग पाऊस सुरू झाला आणि रांगोळी टिकेना. संध्याकाळी काढावी, तासाभरात वाहून जावी. एके सकाळी खिडकीतून पाहते तर मोठे बाबा खाली नालीच्या काठी उकिडवे बसलेले. गुडघे दुखतात म्हणून संडासातही खुर्ची घेणारा माणूस! बादलीत चुना, त्यात डिंक कालवलेला, हातात कुंचा. आदल्या दिवशी लकडगंजच्या बाजारात गेले होते ते यासाठी. तेवढ्यात तुझी आई भाजी घेऊन आली. मी खिडकीतच होते. मोठ्या बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "ओट्याजवळ पट्टी जाड करू का? तिथं तुले दिसते का नीट?"

मला वाटलं फोनवर बोलून राहिले. पण फोन तर वर चार्जिंगला. तुझ्या आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "थोडी जाड पायजे, दादा. आणि खांबाजवळही."

बस, एवढंच. मी खिडकीतून बाजूला झाले आणि भाजीला फोडणी घातली. आता मात्र उलटं झालं आहे. मोठे बाबा तिला टायरची हवा सांगतात, वायपर सांगतात, पेट्रोल कुठं भरावं ते सांगतात. परवा तीच मला म्हणाली, "ताई, यांले सांगा, जरा कमी बोलाले."

तर असं आहे. तू गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा पाठवते म्हणालीस, पाठव. ती फिल्म काढून दे, नवा दिवा बसवून दे, मी नाही म्हणत नाही. तिचे डोळे तपासायचे असतील तर घेऊन जा डॉक्टरकडे, तीही येईल. काळजी कर, मुलगी आहेस. पण विकायचं तिच्यासमोर बोलू नको. ती गाडी गेली की तुझे बाबा पुन्हा त्या ऑटोच्या सीटवर आडवे होऊन येतील आणि पुन्हा म्हणतील, हवा लागली.

आणि हे सगळं फोनवर समजणार नाही तुला. एका डायलिसिसच्या दिवशी ये. मागच्या सीटवर बस, आईला काही सांगू नको, नुसती बघ. मी पाटोडीचा, बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करून ठेवते. बाबांना तो चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळं करते. सुटी मिळत नाही, तिकीट मिळत नाही, हे मला सांगू नको. येत्या पंधरवड्यात ये वं पोरी, वाट पाहून राहिले मी.